श्वास धरून केलेली फिल्म

माझी ताई गेली बावीस वर्षं एका सरकारी इस्पितळात एक्स-रे काढते. दिवसाला साठ-सत्तर माणसं तिच्या हाताखालून जातात आणि प्रत्येकाशी ती तेवढंच बोलते. "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा." त्याआधी ती माणसाचे खांदे पुढे ढकलते, हनुवटी वर करते. त्यानंतर काचेमागून बाहेर येते, माणसाला हात देऊन बाजूला घेते आणि मगच परत मशीनकडे जाते. ज्यांना उठता येत नाही त्यांच्यासाठी शिशाचा एप्रन घालून, चाकांवरचं मशीन ढकलत वॉर्डावॉर्डांतून फिरते. घरी आली की चप्पल काढून दहा मिनिटं भिंतीला टेकून बसते. कुणी काही विचारलं तर "हं" म्हणते.

मी धाकटी. लग्न होऊन दोन स्टॉप पलीकडे राहणारी, चौथीच्या वर्गाला शिकवणारी, आणि दिवसभर बोलून तोंडाला फेस आला तरी घरी येऊन पुन्हा बोलणारी. ताई मुळातच घुमी आहे असं मी आयुष्यभर गृहीत धरलं होतं. ते सोयीचंही होतं, कारण घुम्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

बाबा ताईकडे राहतात. म्हणजे ताई बाबांकडे राहते. आई गेल्यापासून कोण कुणाकडे राहतं ते दोघांनाही सांगता येणार नाही. बाबांनी एकतीस वर्षं बस स्टँडवर गाड्यांची घोषणा केली. काचेची एक चौकोनी खोली, समोर माइक, आणि "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." त्यांचे आवाज दोन. कामाचा आवाज नाकातून येणारा, कडक इस्त्री केलेला. घरचा आवाज अगदी गबाळा, शब्दांची शेवटची अक्षरं खाणारा. त्या घरच्या आवाजात बाबा दिवसातून पन्नास वेळा एकच प्रश्न विचारायचे, "झालं का?" अभ्यास झाला का, वेणी झाली का, न्हाणीघरातलं आवरलं का, रडून झालं का, सगळ्याला तेवढंच. आम्ही दोघी त्या प्रश्नाला लहानपणापासून कंटाळलो होतो.

एका शुक्रवारी डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. गाठ कुठे आहे, कुठून कापावं लागेल, गळ्याला भोक कुठे ठेवणार आणि पुढे श्वास तिथूनच कसा घ्यायचा, सगळं नीट समजावलं. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं. बुधवारी भरती, गुरुवारी सकाळी ऑपरेशन.

बाबांनी विचारलं, "म्हणजे गुरुवारनंतर आवाज विलंबानं येणार, की रद्द?"

डॉक्टरांना काही कळलं नाही. ते आमच्या तोंडाकडे बघायला लागले.

"रद्द, बाबा," ताई म्हणाली.

मला तिचा इतका राग आला की परतीच्या रिक्षात मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. आहे तो आवाज जपून वापरा, दिवसाला अर्धा तास बोललं की घसा बसेल, पुन्हा दुसऱ्या दिवशीच उघडेल. म्हणजे आमच्याकडे बाबांचा आवाज मोजून काही अर्ध्या तासांचा उरला होता.

घरी आल्यावर ताईनं मोबाइल काढून बाबांसमोर धरला. "बाबा, काहीतरी बोला ना. ठेवून देऊ."

बाबा भडकलेच. "ठेवून काय देता? मी मरतोय का? घसा चाललाय, मी नाही चाललो! माणूस समोर धडधडीत बसलाय आणि ह्या आठवणी गोळा करतायत. बंद कर ते."

मी समजूत घालायला गेले आणि माझाही उद्धार झाला. शेवटी बाबाच म्हणाले, "फिल्म असेल तर सांग. गोष्ट पाहिजे, संवाद पाहिजेत. काम असेल तर मी करीन. नुसता भिंतीकडे बघून बडबडणार नाही."

"करू," ताई म्हणाली.

जिनं जन्मात वाढदिवसाचा व्हिडिओ काढला नव्हता ती बाई फिल्म करू म्हणाली! मी हसले. ती हसली नाही. त्या संध्याकाळी तिनं इस्पितळातल्या जुन्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूंवर सहा सीन लिहून काढले. एक म्हातारा घोषणावाला निवृत्त झालाय, पण रोज स्टँडवर येऊन बसतो. एक बाई एका बसची वाट बघत असते. बस येणार नसते आणि ते तिला कसं सांगायचं हे म्हाताऱ्याला कळत नसतं. बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि लाल पेन मागितलं.

"बस येणार नाही, असं मी एकतीस वर्षांत कधी म्हटलेलं नाही. विलंबानं येईल, असं म्हणायचं. लोक बसून तरी राहतात."

ताईनं मुकाट्यानं वाक्य बदललं.

शनिवार, रविवार आणि सोमवार असे तीन दिवस शूटिंगला होते. तिन्ही दिवस ताईची सकाळची ड्यूटी होती. रविवारची सुट्टीही तिनं बदलून घेतली होती, कारण ऑपरेशनच्या आठवड्यात रजा लागणार होती. दोनला सुटायची, पावणेतीनला घरी यायची, भिंतीला टेकून बसायची दहा मिनिटं रद्द करून थेट जिन्याखाली. तिथल्या मोकळ्या जागेत आम्ही बाकडं टाकून स्टँड केला होता. मोबाइल उभा करायला तिनं इस्पितळातून मोडीत निघालेला सलाईनचा स्टँड आणला आणि चिकटपट्टीनं मोबाइल त्याला बांधला. त्या बाईचं काम माझ्या गळ्यात पडलं. एडिटिंगही माझ्याच, कारण शाळेच्या संमेलनाचा व्हिडिओ मी एकदा जोडला होता. त्यात अर्ध्या मुलांची डोकी कापली गेली होती, पण तेवढा अनुभवही घरात दुसऱ्या कुणाला नव्हता.

पहिल्याच सीनला वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मिक्सर लावला. तो थांबला तोवर पाण्याचा पंप सुरू झाला. बाबा बाकड्यावर बसून, घसा जपायला, खुणेनंच "किती वेळ" विचारत होते. शेवटी सगळं शांत झालं तशी ताई पुढे आली, बाबांचे खांदे सारखे केले, हनुवटी जराशी वर केली, मागे गेली आणि बटण दाबून म्हणाली, "श्वास घ्या. धरून ठेवा. बोला."

बाबांनी नाकातून, इस्त्रीच्या आवाजात सुरुवात केली. "बाई, आपली गाडी विलंबानं धावत आहे."

"घरी बोलता तसं बोला ना, बाबा."

"घरी बोलतो तसं माइकवर बोलतात का?"

"इथे माइक नाहीये."

"फिल्म आहे ना? मग तेच ते."

एका वाक्याचे पाच-पाच टेक झाले. ताईला तोच तर आवाज हवा होता, घरचा. तिनं तसं बाबांना सरळ सांगितलंही. पण कॅमेरा समोर आला की बाबा एकतीस वर्षांच्या नोकरीत जाऊन बसायचे. पंचवीस मिनिटांत आवाज घोगरा व्हायचा, तीस मिनिटांत खोकला, आणि मग त्या दिवसाचं दुकान बंद. काढलेलं बघायला आम्ही थांबलोच नाही. आवाज खर्च होत असताना कोण बघत बसणार?

सोमवारी सहावा सीन संपला तेव्हा बाबांच्या तोंडून नुसती हवा येत होती. ताई जिन्याच्या पायरीवर बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. सलाईनच्या स्टँडवर मोबाइल तसाच. मी तिला उठवलं नाही.

मंगळवारी मी शाळेत रजा टाकली, सगळे टेक लॅपटॉपवर घेतले आणि सकाळीच बसले. सत्तावीस टेक होते. संमेलनाच्या वेळी शिकले होते त्याप्रमाणे आधी प्रत्येकाची दोन्ही टोकं छाटली. प्रत्येक टेकच्या शेवटी ताई "सोडा" म्हणायची, त्यानंतरचं सगळं उडवलं आणि मग उरलेलं ओळीनं लावून बघायला घेतलं.

चार-पाच टेकमध्येच काय बिघडलंय ते दिसलं. बाबा छाती फुगवून, खांदे पुढे, हनुवटी वर, डोळे वटारलेले. प्रत्येक सीनमध्ये तसेच. त्यांच्याशेजारी मी! मीसुद्धा श्वास धरून बसले होते, गाल फुगवून, बावळटासारखी. संवाद म्हणताना दोघांनाही हवा पुरत नव्हती, वाक्याच्या शेवटी आम्ही गुदमरत होतो. सगळी फिल्म म्हणजे छातीच्या एक्स-रेसाठी लागलेली रांग होती. "श्वास घ्या, धरून ठेवा" हे आम्ही ताईच्या तोंडून इतकी वर्षं ऐकलं होतं की ती म्हणाली आणि आम्ही धरून ठेवलं. तिला आपण काय म्हणतोय ते कळलं नाही आणि आम्हाला आपण काय करतोय ते.

ताई पावणेतीनला आली. मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. तिनं उभ्यानं दोन सीन बघितले, मग खुर्ची ओढली.

"हे मी केलं?" तिनं विचारलं.

"आपण सगळ्यांनी केलं."

"नाही. मी म्हटलं धरून ठेवा." तिचा आवाज अगदी सपाट होता. "हनुवटीपण मीच वर केली."

आतल्या खोलीत बाबा झोपले होते. त्यांचा आवाज अजून उघडला नव्हता, दुपारपर्यंत उघडायला हवा होता. सकाळी चहा मागितला तोही खुणेनंच. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला भरती. पुन्हा काही काढायचा प्रश्नच नव्हता. ताईनं दोन्ही हातांनी मान दाबून धरली आणि म्हणाली, "मला आता काही होत नाही गं. मी फार दमलेय. शुक्रवारपासून नाही, केव्हापासूनच." एवढं लांब वाक्य मी तिच्याकडून कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मी चहा टाकायला उठले.

मागून तिनं विचारलं, "पुढचं कुठेय?"

"कसलं पुढचं?"

"मी सोडा म्हणते तिथंच संपतंय सगळं. मी बंद कुठे करते तेव्हा? मी आधी माणसाकडे जाते."

मी गॅस बंद केला. तेच ते सत्तावीस तुकडे होते, जे मी न बघता छाटले होते. सुदैवानं मूळ टेक तिच्या मोबाइलमध्ये शाबूत होते. आम्ही दोघी डोक्याला डोकं लावून बसलो.

पहिल्या टेकमध्ये ताई म्हणते, "सोडा." बाबांची छाती खाली बसते, खांदे पडतात. ताई चौकटीत येते, त्यांना हात देते, आणि घरच्या आवाजात, शेवटचं अक्षर खात, बाबा म्हणतात, "झालं का?"

दुसऱ्यात, "झालं का? पाय आखडला बघ." पाचव्यात, "झालं का? ह्या काकूंचा मिक्सर एकदा मीच रद्द करणारे." नवव्यात माझ्याकडे बघून, "ही बघ कशी बसलीय, गाडी चुकल्यासारखी. हिला आई लहानपणी माझ्या केबिनमध्ये सोडून जायची, तर माइकमध्ये शिंकली होती. अख्खा स्टँड हसला." मी ते विसरले होते. बाराव्यात बाबा नुसते ताईच्या गळ्यातला इस्पितळाचा बिल्ला सरळ करतात. पंधराव्यात, "जेवलीस का तू? खोटं सांगू नकोस, तोंड बघ." प्रत्येक तुकडा दहा-पंधरा सेकंदांचा. आवाज टेकागणिक घोगरा होत गेलेला, पण घरचा. आपल्याला कुणी ऐकत नाही असं वाटत असताना माणूस बोलतो तसला.

एकविसावा तुकडा रविवारचा होता. ताई हात द्यायला येते आणि बाबा हात न धरता तिच्याकडे बघत राहतात. "ठमे, खांदे दुखतात का गं तुझे? त्या एप्रननं? वाकडी चालायला लागलीस."

"छे, कुठे," तुकड्यातली ताई म्हणते आणि परत चौकटीबाहेर जाते.

मी शरमेनं खाली बघितलं. बावीस वर्षं ती पाच-सहा किलोचं शिसं खांद्यावर घेऊन वॉर्डांतून फिरतेय हे मला माहीत होतं. विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

संध्याकाळी सातपर्यंत आम्ही नुसते ते तुकडे जोडले. दोन-तीन ठिकाणी मिक्सर आहे, एका ठिकाणी माझी पाठ आहे. आम्ही काही काढलं नाही. फिल्म साडेचार मिनिटांची झाली.

बुधवारी सकाळी दाराशी पिशव्या भरून ठेवलेल्या असताना बाबांना ती लॅपटॉपवर दाखवली. मला वाटलं, बाबा गहिवरतील. बाबांच्या कपाळावर आठ्या.

"माझे संवाद कुठायत?" आवाज थोडासा उघडला होता. "तीन दिवस घासून घेतलेत माझ्याकडून. हे सगळं मधलंच घातलंय. काम कुठाय ह्यात?"

"बाबा, हेच चांगलं झालंय," ताई म्हणाली.

"ते तुम्हाला. बघणाऱ्याला गाडीचं काय झालं ते कळायला नको?"

त्यावर वाद घालण्यात काही अर्थ नव्हता, आवाज त्यांचाच खर्च होत होता. ताईच्याच इस्पितळाच्या व्हरांड्यात ती भरतीचे फॉर्म भरत असताना मी बाकड्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन शेवटी एक वाक्य जोडलं. छाती फुगवलेली, हनुवटी वर, इस्त्रीचा आवाज. "बाई, आपली गाडी विलंबानं धावत आहे. तरी कृपया बसून राहावे." बाबांनी पुन्हा सगळी फिल्म पाहिली आणि मान हलवली. "आता ठीक."

गुरुवारी सकाळी त्यांना आत नेताना आम्ही दोघी कान टवकारून उभ्या होतो, की आता काय म्हणतील. बाबांनी विचारलं, "चष्मा कुठे ठेवलास?" ताईनं पर्समधून काढून दाखवला. दार बंद झालं. तेच त्यांचं शेवटचं वाक्य.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. फिल्म आम्ही कुणाला दाखवली नाही, कुठे पाठवलीही नाही. मी ती माझ्या मोबाइलवर रोज बघायचे. ताईनं एकदाही बघितली नाही. तिला विचारलं तर "हं" म्हणायची. मला पुन्हा तिचा राग यायला लागला होता.

अठराव्या दिवशी डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे सांगितला. बाबांच्या गळ्याला आता छोटंसं भोक होतं, त्यावर जाळीचं कापड. चाकाच्या खुर्चीवरून मी त्यांना ताईच्या एक्स-रेच्या खोलीत घेऊन गेले. ताई नुकतीच वॉर्डातून आली होती, एप्रन अजून अंगावरच होता. बाहेर बारा-तेरा माणसं बसलेली. तिनं बाबांना प्लेटसमोर उभं केलं, खांदे पुढे ढकलले. हनुवटीला हात लावताना जराशी थांबली, मग अगदी हलकेच वर केली. बाबा आता लिहून बोलायचे, ती त्यांची पाटी घेऊन मी तिच्याबरोबर काचेमागे गेले.

"श्वास घ्या," ताई म्हणाली. "धरून ठेवा."

मशीन वाजलं.

"सोडा."

ती बाहेर गेली, सवयीप्रमाणे आधी माणसाकडे. बाबा तिचा हात धरून स्टुलावर बसले आणि माझ्याकडे बोट करून पाटी मागितली. अक्षर मोठं आणि वेडंवाकडं आलं.

"झालं का?"

"झालं, बाबा," ताई म्हणाली.

मला वाटलं, आता उठतील. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. बाबांनी सदऱ्याच्या बाहीनं पाटी पुसली, पुन्हा काहीतरी लिहिलं आणि पाटी तिच्यासमोर धरली. एकच शब्द होता.

"खांदे?"

ताईनं तो वाचला. बराच वेळ वाचत राहिली. दार पुन्हा वाजलं, मी जाऊन ते आतून धरून उभी राहिले. मग बाबांसमोर, एप्रनसकट, ती जमिनीवरच बसली.

"दुखतात," ती म्हणाली. "खूप दुखतात हो, बाबा."